चार विमानांच्या भरवशावर

स्टॅनली, फॉकलंड बेटे

ती. बाबा व सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

ब्रिटनच्या ताब्यातील या बेटांवर दावा सांगणाऱ्या अर्जेंटिनाने डेन्मार्ककडून 24 जुनी एफ-16 लढाऊ विमाने घेतल्याचे वाचून तुम्ही मला परत बोलावत आहात. पण बाबा, 2015 साली मिराज विमाने निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे ध्वनीपेक्षा वेगवान असे लढाऊ विमानच नव्हते, तेव्हा ही खरेदी माझ्यावर चाल करून येण्यासाठी आहे असे समजू नका. 2 एप्रिल 1982 रोजी त्यांचे सैन्य उतरले तेव्हा इथे मूठभर ब्रिटिश मरीन सैनिक होते. आता माउंट प्लेझंटला मोठा तळ, स्काय सेबर ही विमानविरोधी क्षेपणास्त्रे आणि चार टायफून लढाऊ विमाने आहेत. चार विमानांनी काय होणार, असे तुम्ही विचाराल. ती युद्ध जिंकण्यासाठी नाहीतच. मागून कुमक येईपर्यंत धावपट्टी हातची जाऊ नये, एवढ्यासाठी आहेत.

हिंदी महासागरातील चागोस बेटे मॉरिशसला देण्याचा करार ब्रिटनने केला, तशी ही बेटेही ब्रिटन देऊन टाकेल, ही काकांची शंका मला पटत नाही. तिथल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या लष्करी तळासाठी चागोसच्या लोकांना हलवले, तेव्हा त्यांना कुणी विचारले नाही. इथे 2013 साली मतदान झाले आणि ब्रिटनच्या बाजूने 1,513, विरोधात फक्त 3 मते पडली. (जेमतेम साडेतीन हजार वस्तीत ते तिघे कोण, हे कुणालाच ठाऊक नसेल असे वाटत नाही.) 1833 साली ब्रिटनने आम्हाला हुसकावून इथे बसवलेल्यांचे मत कसले घेता, असे अर्जेंटिना म्हणते. ते अगदीच टाकाऊ नाही आणि आपले सरकारही वाटाघाटी व्हाव्यात असेच म्हणते. पण हे मी कामावर, दवाखान्यात, बोलत नाही.

आई, इथली एक रीत मला अजून उमगलेली नाही. गाडी चालवणारा समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतो. ओळख असो वा नसो, पाऊस असो वा बर्फ, स्टीअरिंगवरून निदान एक बोट तरी उचलायचेच. न उचलल्यास माणूस आजारी आहे की रागावला आहे, अशी चौकशी होते. तळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लष्करी ट्रकचे चालकही हात करतात आणि मीही करते. ज्या गावात सैन्याची अशी ओळख असते, तिथे भीती कसली?

धाकटीच्या लग्नाला यायला जमेलसे दिसत नाही. चिलीहून आठवड्याला एकच नागरी विमान येते, आणि अर्जेंटिनाच्या आकाशातून नवी सेवा सुरू करणे या वादामुळे सोपे नाही. त्यातून सुट्टीही मिळायला हवी. ही सबब नाही, बाबा. हॉलची उरलेली रक्कम आणि आईच्या पाटल्यांचे पैसे या महिन्यातच पाठवते, कर्ज काढू नका. चिपळूणच्या स्थळाला मात्र माझ्या वतीने होकार कळवू नका; मुलगा चांगला असेल, पण त्याला इथे यायचे आहे का, हे आधी विचारा.

तुमची,
माई