तीनाचा आठ

सांगली

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला निघालेल्या जुन्या फियाटचे फोटो पाहिले. रंग झकास, सीटा नव्या, आणि विकणारा म्हणतो "1971 ची पद्मिनी, इंजिन ओरिजिनल". अरे, या फियाटला पद्मिनी हे नावच 1974 च्या सुमाराला आलं. लोक सरसकट सगळ्यांनाच पद्मिनी म्हणतात, तेवढ्यावरून मी त्याला लबाड ठरवत नाही. पण कान टवकारले.

फोनवर तू म्हणालास, आरसी बुकातला नंबर इंजिनावरच्या नंबराशी जुळतो, मग झालं की. गोम तिथंच आहे. नंबर जुळतो, की जुळवलाय?

माझी नोकरी आरटीओच्या टेबलावर गेली. नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल फिरवायची, की आकडे पांढरे उमटतात. असे ट्रेस हजारोंनी पाहिले. एकदा एका इंजिनाच्या ट्रेसमध्ये आठाची डावी बाजू उजवीपेक्षा रुंद दिसली. कुणीतरी तीनाला पंच मारून आठ केला होता. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "बाई, चष्मा बदला," आणि सही केली. मीही गप्प बसले. ते अजून टोचतं.

या गाड्या कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातल्या. मुंबईत त्यांच्याच टॅक्स्या धावल्या, 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची बंद झाली. टॅक्स्या मोडीत निघाल्या तशी त्यांची इंजिनं भंगारात आली. तेच 1089 सीसी, तेच चार सिलिंडर. आवाजावरून काही कळायचं नाही. त्यामुळे रविवारी जाशील तेव्हा रॉकेल आणि चिंधी घेऊन जा. नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडावर, पंच केलेला असतो. वरच्या झाकणावर, हेडवर, बघू नकोस, हेड कितीदाही बदलता येतं. साच्यातूनच उठून आलेली अक्षरं दिसतील, तीही नव्हेत. ती पुष्कळ ब्लॉकवर सारखीच असतात. ग्रीस काढ, पण पॉलिश पेपर अजिबात लावू नकोस, आहे तो पुरावा तूच घासून टाकशील. आकडा जरा तिरका असला तर बिघडत नाही. आकड्यांखालची जमीन बघ. तिथं मशीनच्या बारीक रेघा असतील तर त्या आकड्यांच्या मधूनही तशाच पुढे जायला हव्यात. तेवढाच चौकोन गुळगुळीत, किंवा आजूबाजूपेक्षा किंचित खोल लागला, तर तिथं ग्राइंडर फिरलाय.

चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा, आणि इंजिन नंबर वेगवेगळे असतात, त्याला घाबरू नकोस. आरटीओतून जुन्या नोंदीचा उतारा मात्र काढ. इंजिन बदललं असेल तर तिथं शेरा असायला हवा.

शेरा असलेली गाडी मिळाली तर मी आनंदानं घे म्हणेन. आपल्या फियाटचंही इंजिन बदललेलं होतं, तुला ठाऊक नाही. तू पाळण्यात होतास. खंबाटकीत वाफ धरली, बाबांनी तशीच रेटली, ब्लॉकला तडा. दुसरं इंजिन बसवलं, पावती घेऊन गेले आणि शेरा मारून आणला. विकताना त्या एका ओळीपायी पैसे कमी आले, तेव्हा मीच कुरकुरले होते.

तुला व्हीएचा, म्हणजे विंटेज गाड्यांना मिळतो तो खास नंबर हवाय म्हणून सांगते. 2021 च्या नियमात गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात हवी; इंजिन, चासी, बॉडीत मोठा फेरफार चालत नाही. फी 20,000 रुपये. आणि मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरती. सूनबाईंना हे सांगितलंस का?

विसार देऊ नकोस एवढ्यात. फोटोही पुरे झाले. पातळ कागद आणि मऊ पेन्सिल घे, दोन्ही नंबरांचे ट्रेस काढ आणि कुरिअरनं पाठव. चष्मा मी गेल्याच महिन्यात बदललाय.

तुझी,
आई