प्राण्यांबद्दलच्या साध्या प्रश्नांना पेपरात जागा द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पेपरात प्राणी येतात ते बहुतेक वेळा बातमी होऊनच येतात. कुठे घरात साप निघाला, कुठे कुत्रा चावला, कुठे जंगलातलं जनावर वस्तीत शिरलं. पण माणसाला रोज जे प्रश्न पडतात, म्हणजे कुत्रा गवत का खातोय, घरट्यातून पडलेलं पिल्लू उचलू की नको, पाल विषारी असते का, मांजर आजारी दिसतंय तर आत्ता रात्रीचं काय करू, त्यांना कुठेच जागा नसते. मग माणूस व्हॉट्सॲपवर विचारतो आणि तिथे जो सगळ्यात आधी उत्तर देतो त्याचं ऐकतो. मीही तेच केलं होतं, म्हणून हे पत्र लिहितेय.

आमची मांजर मनी नऊ वर्षांची होती. एके दिवशी सकाळपासून मलूल पडून होती, खात नव्हती, कान हाताला गरम लागत होते. मी एका ग्रुपवर विचारलं, तिथे एकांनी लगेच सांगितलं की ताप असेल, पॅरासिटामॉल द्या, लहान मुलांना देतो तेवढीच. मी अर्धी गोळी चुरून पाण्यातून पाजली. त्यानंतर ती माझ्या मांडीवर बसून घुरघुरत होती म्हणून मला वाटलं हिला बरं वाटतंय. संध्याकाळपर्यंत हिरड्या तपकिरी पडल्या, तोंड सुजलं, धाप लागली. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, माणसांचं काही औषध दिलंय का. रात्रीतच ती गेली.

नंतर त्यांनी नीट समजावून सांगितलं. माणसाचं यकृत हे औषध मोडून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृतात ती सोय फारच तोकडी असते, त्यामुळे त्याचं विष होतं आणि रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचंच कमी करतं, हिरड्यांचा रंग बदलतो तो त्यामुळे. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. आणि घुरघुरण्याचं म्हणाल तर मांजर खूश असताना घुरघुरतं तसंच दुखत असताना, घाबरलेलं असतानाही घुरघुरतं. या दोनच गोष्टी मला आदल्या दिवशी माहीत असत्या तर... सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांच्यावर माझा राग नाही. पण योग्य ठिकाणी विचारायचं तर ते ठिकाण मला माहीतच नव्हतं.

तेव्हापासून मी एक वही केलीय. कोणी प्राण्यांबद्दल काही विचारलं की लिहून ठेवायचं आणि मग आमच्या पशुवैद्यांना किंवा प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या एका बाईंना विचारून उत्तर घ्यायचं. वही आता भरत आलीय.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न पक्ष्याच्या पिल्लाचा. खाली पडलंय, हात लावला तर माणसाचा वास लागून आई घेणार नाही ना? घेते. बहुतेक पक्षी वासावरून पिल्लू टाकून देत नाहीत, हा समज कुठून आला देव जाणे पण त्यापायी कितीतरी पिल्लं तशीच पडून मरतात. पिल्लाला पिसं आलेली नसतील आणि घरटं दिसत असेल तर अलगद उचलून परत ठेवावं. पिसं आलेली असतील, टुणटुण उड्या मारत असेल तर ते पडलेलंच नसतं, उडायला शिकत असतं, आईबाप जवळपास असतात आणि जमिनीवरच त्याला भरवतात. तिथे आपण एवढंच करायचं की मांजर-कुत्रं लांब ठेवायचं आणि स्वतःही लांब व्हायचं, जखम असेल तरच उचलायचं. आणि चोचीत पाणी ओतायचं नाही, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते, कारण पाणी श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरतं. माणूस प्रेमानेच पाणी पाजतो आणि ते हातातच जातं, असं माझ्या डोळ्यांसमोर दोनदा झालंय.

हरणाच्या पाडसाचं, रानातल्या सशाच्या पिल्लाचंही असंच. एकटं दिसलं म्हणजे अनाथ असं नाही. हरणी पाडसाला गवतात लपवून चरायला जाते आणि अधूनमधून येऊन पाजते, रानातली ससीण तर साधारण दिवसातून एकदाच येते. आपण त्याला "वाचवून" घरी आणतो तेव्हा आई संध्याकाळी येऊन शोधत बसते.

घरातल्या कुत्र्याचे प्रश्न वेगळेच. थोडं चॉकलेट दिलं तर काय होतंय, असं लोक सहज विचारतात. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन नावाचं द्रव्य आपलं शरीर पटकन बाहेर टाकतं, कुत्र्याचं फार हळू टाकतं म्हणून ते त्याला विषारी ठरतं, आणि डार्क चॉकलेटमध्ये ते जास्त असतं. द्राक्षं आणि मनुका काही कुत्र्यांची किडनी निकामी करतात. कांदा-लसूण कुत्रा आणि मांजर दोघांच्याही लाल रक्तपेशी फोडतो. शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली आणतं. लिलीचं फूल तर मांजराने नुसतं चाटलं, अंगावर पडलेले परागकण चाटून साफ केले तरी किडनी जाऊ शकते, आणि हे फूल लोक हौसेने फुलदाणीत ठेवतात. गवत खाण्याचं मात्र एवढं टेन्शन घेऊ नये, बरेच निरोगी कुत्रेही खातात. फक्त त्यावर कीटकनाशक मारलेलं नसावं आणि वारंवार उलट्या होत असतील तर दाखवावं.

लहान मुलांचे प्रश्न मला सगळ्यात आवडतात कारण मोठ्यांनी जे खरं धरून सोडून दिलेलं असतं तेच मुलं नेमकं विचारतात. वटवाघूळ आंधळं असतं का? नाही, त्यांना दिसतं, मोठ्या फळखाऊ वटवाघळांना तर चांगलंच दिसतं. कुत्र्याला सगळं काळं-पांढरं दिसतं का? नाही, निळा आणि पिवळा दिसतो, लाल आणि हिरव्यात त्याचा घोळ होतो, म्हणून हिरव्या गवतात लाल बॉल टाकला की तो डोळ्यांनी कमी आणि नाकाने जास्त शोधतो. जिराफाच्या मानेत किती हाडं? सात, आपल्याइतकीच, फक्त एकेक हाड भलतंच लांब. पाल भिंतीला चिकटते कशी, यावर मी तर बरेच दिवस पायाला डिंक असेल असं सांगत होते. तसं नसतं. तिच्या बोटांखाली लाखो बारीक केस असतात, त्यांची टोकं आणखी फाटलेली असतात आणि ती भिंतीच्या इतकी जवळ जातात की रेणूंमधल्या ओढीनेच ती धरली जाते. आणि हो, पाल विषारी नसते. तिच्या विष्ठेतून जंतू पसरू शकतात म्हणून अन्न झाकून ठेवावं, पण म्हणून तिला मारायचं काही कारण नाही.

आता जो प्रश्न सगळ्यात उशिरा विचारला जातो तो. कुत्रा चावला, पण थोडंसंच खरचटलंय, जायला पाहिजे का? पाहिजेच, कारण त्यातून रेबीज होऊ शकतो. आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, कारण आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. कसलाही लेप लावायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि लसीचे सगळे डोस वेळेवर पूर्ण करायचे, जखम झालेली असेल तर लसीबरोबर जखमेत दुसरंही इंजेक्शन द्यावं लागतं, ते डॉक्टर ठरवतात. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ साली कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजवरची आपली लस टोचवली आणि तो मुलगा वाचला, म्हणजे हा उपाय आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आहे. तरीही लोक पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या जुन्या भीतीने घरी बसतात. आता ती पोटात देत नाहीत, दंडात किंवा कातडीत देतात आणि डोसही थोडेच असतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की जवळजवळ कोणी वाचत नाही, आणि माणसाला हा रोग होतो तो ९९ टक्के वेळा कुत्र्यामुळे. पिल्लू चावलं, आपलाच कुत्रा चावला, मांजराने ओरबाडलं, तरी आधी धुवा आणि दाखवा. मुलं ओरडा बसेल म्हणून चावल्याचं लपवतात, तेव्हा घरी त्यांना आधीच सांगून ठेवा की यासाठी कोणी रागावणार नाही.

माझं मागणं मोठं नाही. आठवड्यातून एकदा अर्धा कॉलम द्या. उत्तरं पशुवैद्य आणि वन्यप्राण्यांचा अभ्यास असलेली व्यक्ती अशा दोघांनी द्यावीत, कारण घरातल्या मांजराचं माहीत असलेल्याला रानातल्या सापाचं माहीत असेलच असं नाही. उत्तरात काय करू नये ते आधी लिहा, घाबरलेला माणूस पहिली ओळच वाचतो. कुत्रा चावल्याचं, विषबाधेचं आणि पडलेल्या पिल्लाचं उत्तर पुन्हा पुन्हा छापा, जुनं झालं म्हणून सोडू नका, कारण ज्याच्या घरी आज घडलंय त्याने गेल्या वर्षीचा अंक वाचलेला नसतो. प्रश्न कितीही साधा असला तरी त्याला हसू नका. हसलं की लोक विचारायचं थांबवतात आणि परत त्या ग्रुपवर जातात.

सोबत माझ्या वहीतले ४० प्रश्न लिहून पाठवतेय, त्यातल्या ज्यांची उत्तरं मला मिळाली नाहीत त्यांच्यासमोर फुली केलीय. सुरुवात त्यांच्यापासून केलीत तर बरं होईल.

आपली,
एक नियमित वाचक