एअर पिस्तुलाच्या फ्रंट साइटचं चुकीचं माप आणि पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी बेळगावच्या वडगावात राहतो आणि उद्यमबागेत टर्नर-फिटर म्हणून काम करतो. मुलीसाठी घेतलेल्या जुन्या 4.5 मिमीच्या एअर पिस्तुलाला तुमच्याकडून 2,350 रुपयांची फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी) 3 जूनला मागवली. (तुमच्या यादीत बेळगाव आणि बेळगावी अशी दोन वेगळी गावं दिसतात. 2014 ला नाव बदललं, गाव एकच आहे. त्या घोळात पार्सल हुबळीला जाऊन परत आलं, पण ते सोडा.)

पिस्तूल वापरलेलं घेतलं आहे. आधीच्या मालकानं मूळ साइट काढून बाजारातली जाड साइट बसवली होती. नेम धरताना ती मागच्या साइटच्या खाचेत इतकी दाटून दिसायची की दोन्ही बाजूंना उजेडाची फटच राहायची नाही. फट दिसली नाही तर साइट मधोमध आहे का, हे कळणार कसं? म्हणून 4.5 मिमी रुंदीची मागवली. तुमच्या जाहिरातीत लिहिलं होतं: उंची 7 मिमी, जुन्या सर्व मॉडेलना बसते, काहीही घासावं लागत नाही.

रुंदी बरोबर आहे, ते मान्य. उंची मायक्रोमीटरवर 7.62 निघाली. तीन वेळा मोजली, शेजारच्या मशीनवरच्या मित्राकडूनही मोजून घेतली.

0.6 मिमी म्हणजे काहीच नाही असं तुमच्या प्रतिनिधीला वाटलं. या पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर 320 मिमी आहे आणि टार्गेट 10 मीटरवर, म्हणजे पुढची चूक तिथं 31 पट होते. छर्रा जवळजवळ 19 मिमी खाली. पुढची साइट उंच झाली की मार खाली जातो, हे तुम्ही विकता त्या वस्तूबद्दलच आहे, मी वेगळं सांगायला नको. आमच्या बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच छर्रे मारले. ग्रुप छान जमला, पण टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाऐवजी आठाच्या वर्तुळात. मागच्या साइटचा स्क्रू आटी संपेपर्यंत फिरवला, तरी मार पुरता वर आला नाही. मुलीला मॅचमध्ये 60 शॉट मारायचे असतात.

फोनवर सांगण्यात आलं, "वरून थोडं कानशीनं घासून घ्या." कानस मला धरता येते, रोजचं काम आहे. पण घासल्यावर वरची धार गोल होते, काळा रंग जाऊन उजेडात चमकते आणि नेम कुठे धरायचा तेच कळत नाही. ती पुन्हा काटकोनात आणून काळी करायची, म्हणजे साइट मीच बनवायची. आमच्या शॉपवर जॉब 0.6 नं चुकला तर तो भंगारात जातो. गिऱ्हाइकाच्या हातात कानस देऊन त्याला घरी पाठवत नाही.

आणि खालच्या बाजूला घासून काय करणार? पिस्तुलाच्या डोव्हटेल खाचेत (साइट सरकवून बसवायची तिरक्या कडांची खाच) निळा रंग लावून तुमची साइट सरकवून काढली. निळं लागलं ते फक्त दोन बारीक रेघांवर, बाकी तळ कोरडा. म्हणजे कोन जुळत नाही, साइट नुसती धारेवर टेकते. साइट जागी धरणारा ग्रब स्क्रू पूर्ण आवळला, तरी चाळीसेक छर्र्यांनंतर ती डावीकडे सरकली होती. यावर तुमचं उत्तर होतं, "थोडा गोंद लावा." जुन्या पिस्तुलांच्या खाचा एकसारख्या नसतात. "सर्व मॉडेलना बसते" असं लिहिण्याआधी ग्राहकाकडून खाचेची रुंदी आणि कोन मागवायला हवा होता.

बदली साइट मला नको, तीही त्याच साच्यातली असेल. 2,350 रुपये आणि परत पाठवण्याचं कुरिअर भाडं खात्यावर जमा करावं आणि जाहिरातीतलं माप दुरुस्त करावं.

16 जूनच्या माझ्या तक्रारीची साधी पोचही आलेली नाही. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार ती 48 तासांत द्यायची असते आणि निवारण महिन्याच्या आत. महिना उलटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मायक्रोमीटरचे फोटो, टार्गेटचा कागद आणि निळा लागलेल्या साइटचा फोटो सोबत जोडले आहेत. साइट जशी आली तशीच ठेवली आहे, कानस लावलेली नाही.

आपला,
एक ग्राहक
वडगाव, बेळगाव
24 जून