रहस्यकादंबऱ्या आणि सर्वनामांची शिस्त

मा. संपादक,
स. न.

शुद्धलेखनाची चर्चा आपल्याकडे बहुधा ऱ्हस्व-दीर्घापाशीच थांबते. वाक्यरचनेतील चुकांकडे सहसा कोणी पाहत नाही. त्या हेरण्याची सवय लावून घ्यायची असेल, तर व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी रहस्यकादंबऱ्या वाचाव्यात, असे मी सुचवेन. चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकातून १८६८ साली क्रमशः प्रसिद्ध झालेल्या विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’मध्ये हिऱ्याच्या चोरीची हकिकत घरचा कारभारी, एक गरीब नातलग, वकील असे निरनिराळे निवेदक सांगतात, आणि प्रत्येकाने स्वतःला ठाऊक असेल तेवढेच लिहावे असा दंडक असल्यामुळे कोणी काय पाहिले व कोणी केवळ ऐकले, हे वाचकाला वाक्यागणिक तपासावे लागते. (व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा हे अधिक रंजक आहे, हे निराळे सांगायला नको.)

‘विनयने अजयला त्याच्या घरी नेले’ अशी वाक्ये आपल्या बातम्यांत सर्रास आढळतात. घर विनयचे असेल, तर तेथे ‘आपल्या घरी’ हवे. गुन्ह्याच्या बातमीत एवढ्या चुकीने घटनास्थळच बदलते. आपल्या रविवार पुरवणीत वाक्यरचनेवर एखादे छोटे सदर सुरू करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे