कॅमेऱ्याच्या खोक्यावरचे लेबल

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्नसराईच्या तोंडावर आपल्या रविवारच्या पुरवणीत डिजिटल कॅमेरे आणि लेन्स यांच्या खरेदीविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्याचे कात्रण आमच्या भागातल्या बऱ्याच तरुण छायाचित्रकारांनी काढून ठेवले आहे. लेखासोबत 'इम्पोर्टेड' आणि 'देशी' असे दोन रकाने करून किमतींचा तक्ता दिला होता आणि दोन्हींतला फरक पाहता शहाण्याने इम्पोर्टेड माल घ्यावा, असा लेखाचा एकंदर सूर होता. मी केळापूर तालुक्यात गेली वीस वर्षे लग्ने, बारसे, साक्षगंध आणि अधूनमधून टिपेश्वरच्या जंगलातली छायाचित्रे काढून पोट भरणारा माणूस आहे. दोन्ही रकान्यांतला माल मी वापरला आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिली हरकत 'देशी' या शब्दालाच आहे. कॅनन, निकॉन, सोनी, फुजीफिल्म यांचे आपण वापरतो ते कॅमेरे जपान, थायलंड, तैवान, चीन अशा ठिकाणी तयार होतात. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमधल्या अयुथया भागात महापूर आला आणि निकॉनचा कारखाना पाण्याखाली गेला, तेव्हा जगभर त्या कॅमेऱ्यांची टंचाई झाली होती. म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीवर पक्क्या बिलाने घेतलेला कॅमेरा आणि कोणीतरी पिशवीतून आणून दिलेला कॅमेरा हे दोन्ही बाहेरून आलेलेच असतात, आणि पुष्कळदा एकाच कारखान्यातून निघालेले असतात. तो देशात कोणी आणला आणि त्याची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे, एवढाच काय तो फरक. हा फरक खोक्यावर लिहिलेला असतो. २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, ज्या देशात ती बनली त्याचे नाव, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. कॅमेऱ्याच्या खोक्यावर हे पांढरे लेबल बाजूला चिकटवलेले असते. ते नसेल, तर दुकानदार तोंडाने काहीही सांगो, तो माल कंपनीच्या भारतातल्या शाखेमार्फत आलेला नाही, असे समजून चालावे.

किमतीतला फरक कोठून येतो, याचा लेखात उल्लेख नव्हता. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा डिजिटल कॅमेऱ्यांवर तो २८ टक्के होता. १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्के झाला. ज्याची उलाढाल मोठी आहे आणि ज्याने नोंदणी केली आहे, त्या शहरातल्या स्टुडिओला हा कर स्वतःच्या ग्राहकांकडून घेतलेल्या करातून वजा करून मिळतो. आमच्यासारख्यांची वर्षाची उलाढाल, नोंदणी सक्तीची होते त्या २० लाखांच्या जवळपासही जात नसल्यामुळे आमची नोंदणी नसते, आणि लाखाच्या कॅमेऱ्यावर दिलेले १८ हजार रुपये आमच्या खिशातून कायमचे जातात. दुबईत हाच कर ५ टक्के आहे आणि जपानमध्ये १० टक्के. त्यामुळे कोणाचा तरी भाचा दुबईला आहे, तो येताना घेऊन येईल, हा विचार ग्रामीण छायाचित्रकाराच्या मनात आधी येतो. यात लोभापेक्षा हिशेब अधिक आहे, हे मी त्याच्या बाजूने सांगतो.

परंतु हिशेब पूर्ण करायला हवा. २०१६ च्या बॅगेज नियमांत प्रवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतचा माल शुल्काविना आणण्याची मुभा होती आणि त्यावरच्या किमतीवर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क होते. दीड लाखाचा कॅमेरा त्या नियमांप्रमाणे घोषित करून आणला असता, तर ३८ हजार ५०० रुपये विमानतळावरच भरावे लागले असते आणि सगळी बचत तेथेच संपली असती. व्यापारी रीतीने, कागदपत्रे करून समांतर आयात करणाऱ्यालाही, म्हणजे कंपनीचा अस्सल माल तिच्या भारतीय शाखेला वगळून बाहेरून आणणाऱ्यालाही, आयातीवरचा १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर चुकत नाही. त्याला जे थोडे स्वस्त पडते, ते कंपन्या प्रत्येक देशात वेगळी किंमत लावतात म्हणून आणि वॉरंटीचा भार त्याच्या अंगावर नसतो म्हणून. तेव्हा एखादी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, २०-२५ टक्क्यांनी स्वस्त मिळत असेल, तर ती रक्कम कोणी सवलत म्हणून सोडलेली नसून तेवढा कर कोठेतरी कोणीतरी भरलेला नाही, असा संशय घ्यायला जागा आहे.

आता माझ्याच मूर्खपणाविषयी. काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून अशीच एक बॉडी घेतली. लेबलावरच्या भावात ती १ लाख ३६ हजारांना होती, मला १ लाख १२ हजारांना मिळाली. बिल म्हणून पिवळ्या कागदावर कार्बन ठेवून लिहिलेली चिठ्ठी मिळाली, त्यावर कर नोंदणीचा क्रमांक नव्हता, आणि 'एक वर्ष दुकान वॉरंटी' असा शिक्का होता. पहिला सीझन निर्वेध गेला. दुसऱ्या वर्षी वैशाखात, पारा ४५ च्या वर असताना, एका गावात मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होत होता, मी बटण दाबले, 'टक्' असा आवाज झाला आणि व्ह्यूफाइंडर काळा पडला. आतला आरसा वर गेला तो खाली आलाच नाही. समोर अक्षता पडत होत्या, नवरदेव हार घालत होता, आणि मी बॅटरी काढून घालण्यात गुंतलो होतो. उरलेले लग्न मी बारा वर्षे जुन्या बॉडीवर कसेबसे उरकले. तो हार घालण्याचा क्षण मात्र त्या अल्बममध्ये नाही, आणि दोन महिन्यांनी नवरीचे वडील दुकानात येऊन 'भाऊ, पोरगी नांदायला गेली, हार घालतानाचा फोटो काही दिसला नाही' असे अगदी शांतपणे म्हणाले, त्याचे मला आजही वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला गेलो. सेवा केंद्रातल्या मुलीने बॉडीच्या तळाचा अनुक्रमांक संगणकात टाकला, पडद्याकडे पाहिले आणि कॅमेरा काउंटरवरून माझ्याकडे सरकवला. हा क्रमांक भारतातला नसल्याने वॉरंटी तर नाहीच, पण पैसे घेऊनही दुरुस्ती करता येणार नाही, असे तिने सांगितले. सगळ्या कंपन्यांचा नियम असाच असतो असे नाही. काही ठिकाणी पैसे आकारून काम करतात. पण त्या दिवशी मला हेच उत्तर मिळाले. ज्या दुकानातून घेतला, त्याचा फोन लागला तो चौथ्या दिवशी, आणि कुरिअरने पाठवा, बघू, एवढेच आश्वासन मिळाले. शेवटी एका खासगी कारागिराने सुटे भाग बाहेरून मागवून ११ हजार ५०० रुपयांत काम करून दिले, त्यात सात आठवडे गेले. मधल्या काळात १४ लग्नांसाठी दिवसाला दीड हजार रुपये भाड्याने बॉडी घेतली, म्हणजे २१ हजार झाले. वाचवलेल्या २४ हजारांच्या बदल्यात ३२ हजार ५०० गेले, येण्याजाण्याचे भाडे वेगळे.

तरीही बाहेरचा माल सरसकट वाईट, असे मी म्हणणार नाही. त्याच दुकानातून त्याच दिवशी घेतलेली ५० मिलिमीटरची लेन्स आजही माझ्या बॅगेत आहे आणि तिने एकदाही दगा दिलेला नाही. बॉडीत शटर, सेन्सर, मदरबोर्ड असे बिघडण्यासारखे बरेच काही असते. साध्या प्राइम लेन्समध्ये, म्हणजे झूम नसलेल्या लेन्समध्ये, काचा, प्रकाश कमीजास्त करणारी ॲपर्चरची पाती आणि फोकसची छोटी मोटर, एवढाच पसारा. आमच्या भागात लेन्सचा खरा वैरी म्हणजे श्रावणातल्या दमटपणात काचेवर धरणारी बुरशी, आणि ती तर पक्क्या बिलाच्या वॉरंटीतही सहसा बसत नाही. म्हणून साधी लेन्स स्वस्तात घेतली तर मी कोणाला दोष देणार नाही. जंगलात लांबचे टिपण्यासाठी वापरायच्या मोठ्या टेलीफोटो लेन्सची गोष्ट निराळी आहे. तिच्यात प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा असते, ती बिघडली की दुरुस्तीचा खर्च नव्या बॉडीच्या जवळ जातो. टिपेश्वरला वाघ दिसू लागल्यापासून आमच्याकडची मुले कर्ज काढून अशा लेन्स घेत आहेत, त्यांनी लेबल पाहिल्याशिवाय घेऊ नये.

लेन्स घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. किटमधली, म्हणजे बॉडीसोबत एकाच खोक्यात येणारी लेन्स बाहेर काढून ती पांढऱ्या कोऱ्या खोक्यात वेगळी विकण्याची रीत बाजारात सर्रास आहे. मालात खोट नसते, पण बिलावर आणि खोक्यावर अनुक्रमांक जुळत नाही. बॉडी, खोके आणि वॉरंटी कार्ड यांवरचे क्रमांक दुकानातच उभे राहून ताडून पाहावेत.

बाहेरच्या बॉडीचे काही त्रास पैशांत मोजता येत नाहीत. केवळ जपानच्या बाजारासाठी बनलेल्या काही बॉडींमध्ये मेनूची भाषा जपानीच असते, ती बदलताच येत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका मुलाकडे अशी बॉडी आहे. तो चित्रलिपी पाहून नव्हे, तर 'तिसरे पान, वरून पाचवी ओळ' अशी गणती करून सेटिंग लावतो, आणि फॉरमॅटचे, म्हणजे कार्ड कोरे करण्याचे पान कोणते हे त्याने एकदा एका लग्नाचे कार्ड पुसून शिकून घेतले. व्हिडिओचेही तसेच आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. त्यामुळे मंगल कार्यालयातल्या एलईडी माळांखाली सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमच्या अमेरिकी-जपानी पद्धतीवर चित्रीकरण केले की पडद्यावर काळे पट्टे सरकू लागतात. बहुतेक कॅमेऱ्यांत ती पद्धत बदलून २५ किंवा ५० फ्रेम करता येते आणि शटरचा वेग सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवता येतो, पण हे कोणी सांगावे लागते, आणि चिठ्ठीवर माल देणारा दुकानदार ते सांगत बसत नाही.

कायद्याच्या बाजूनेही थोडे सांगायला हवे, कारण लेखात एकीकडे इम्पोर्टेड माल घ्या म्हणताना दुसरीकडे समांतर आयात म्हणजे जणू चोरी, असे एका वाक्यात उरकले आहे. संगणकाच्या प्रिंटरांविषयीच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशी आयात व्यापारचिन्ह कायद्याखाली बेकायदा ठरत नाही, असे म्हटले. मात्र हा माल कंपनीने आयात केलेला नाही आणि त्यावर कंपनीची वॉरंटी व सेवा मिळणार नाही, हे दुकानात ठळक लावले पाहिजे, असेही त्याच निकालात बजावले. विदर्भातल्या कोणत्याही दुकानात अशी पाटी लावलेली मी तरी पाहिलेली नाही. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क पडत नाही. हे मला त्या वैशाखात ठाऊक असते, तर कार्बनची चिठ्ठी पाहूनच मी मागे फिरलो असतो.

पक्क्या बिलाची गरज आमच्या मुलांना आणखी एका कारणाने आहे. मुद्रा योजनेत 'किशोर' गटात ५० हजारांपासून पाच लाखांपर्यंत कर्ज मिळते, पण बँक आधी कोटेशन आणि मग कराचे बिल मागते. चिठ्ठीवर कॅमेरा घेणाऱ्याला बँकेचे दार बंद, मग उरतो तो सावकार, आणि त्याचे व्याज बचतीच्या वर जाते. कॅमेरा चोरीला गेला तर विमा कंपनीला द्यायलाही बिलच लागते.

इतके सगळे सांगूनही अधिकृत विक्रेत्यांची बाजू घ्यावी, असे त्यांचे वागणे नाही. बॉडी हवी तर बॅग, कार्ड आणि नको असलेला ट्रायपॉड घ्याच, अशी सक्ती होते. वॉरंटी वाढवण्यासाठी ठरावीक दिवसांत नोंदणी करावी लागते, हे बिल देताना कोणी सांगत नाही. आणि सेवा केंद्रे मोठ्या शहरांतच असल्याने गडचिरोली, वाशीम, यवतमाळच्या माणसाला एका शटरसाठी दोन दिवस मोडावे लागतात. कंपन्यांनी निदान एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्याच्या ठिकाणी कॅमेरे स्वीकारण्याची सोय केली, तर आमच्यातले अर्धे लोक आपोआप पक्क्या बिलाकडे वळतील.

आपल्याकडे एकच विनंती आहे. तोच तक्ता पुन्हा छापावा, त्यात 'देशी' शब्दाच्या जागी 'कंपनीच्या भारतीय शाखेमार्फत' असे लिहावे, आणि किमतीच्या शेजारी 'वॉरंटी कोणाची' असा तिसरा रकाना जोडावा. कात्रण ठेवलेली मुले अक्षय्य तृतीयेच्या आधी नागपूरला जाणार आहेत, तेव्हा तो त्यापूर्वी आला तर उपकार होतील.

आपला विश्वासू,
एक छायाचित्रकार, ता. केळापूर, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता संपादकांकडे)