दीड मिलिमीटरची खोट

टिळकवाडी, बेळगाव
दि. १४ सप्टेंबर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात निपाणीहून परतलो, त्या रात्रीपासून हे पत्र मनात घोळते आहे. फोनवर बोलता आले असते. परंतु फोनवर तू विषय बदलशील आणि मीही तो बदलू देईन, हे दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला.

तुझ्या माळ्यावर, नातवादेखत, मी तुझ्या मॉडेल रेल्वेगाडीला ‘मुंग्यांची रांग’ म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर थट्टेवारी नेता आले असते. पण पुढे खिशातून व्हर्नियर, ती मिलिमीटरचे अंशही मोजणारी पट्टी, काढून (असा माणूस दुसऱ्याच्या घरी जेवायला जाताना व्हर्नियर का नेतो, हे उद्यमबागेतल्या कारखान्यांत चाळीस वर्षे काढलेल्यांनाच कळेल) मी तुझ्या रुळांमधले अंतर मोजले आणि त्या पोराला हिशेब करून दाखवला. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर, ही गाडी खऱ्याच्या एकशे साठाव्या हिश्शाची, म्हणून त्याला १६० ने भागले की साडेदहा येतात, आणि तुझ्या आजोबांचे रूळ आहेत ९ मिलिमीटरचे. म्हणजे दीड मिलिमीटरची खोट. तू काहीच बोलला नाहीस. मी नेलेल्या कुंद्याचा डबा उघडून तू माझ्याच हातावर पहिला घास ठेवलास. तो कुंदा अजून घशाखाली उतरलेला नाही.

निघताना जिन्यात तुझ्या नातवाने मला विचारले, ‘आजोबा, तुमच्या गाडीचा डबा खऱ्याइतकाच आहे का हो?’ आणि मी छाती फुगवून सांगितले, ‘मिलिमीटरला मिलिमीटर.’

माझा ताठा कशावर उभा होता, हे तुला माहीत आहे. माझी बागेतली मॉडेल गाडी १:२२.५ प्रमाणातली; मीटरगेजच्या १००० मिलिमीटरला साडेबावीसने भागले की ४४.४ येतात आणि बागेतल्या गाड्यांचे तयार रूळ ४५ मिलिमीटरचे मिळतात. आपल्या लहानपणीची मिरज-लोंढा मार्गावरची मीटरगेज गाडी, जी नव्वदच्या दशकात रुंदीकरणात गेली, ती या रुळांवर जणू मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखी बसते. वायपी या वाफेच्या इंजिनाचे मोठे चाक साडेचार फुटी; ते माझ्या मापात ६१ मिलिमीटर होते आणि तशी सहा चाके मी स्वतः लेथवर कातली आहेत. या दोन आकड्यांच्या जोरावर मी इतकी वर्षे तुझ्याकडे आणि शहापुरातल्या आपल्या, ‘एचओ’ मापाच्या गाड्या चालवणाऱ्या स्नेह्याकडे वरून पाहत आलो. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. ते १:८७ या प्रमाणात युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी आखलेले, आणि त्यांवर आपले ब्रॉडगेज इंजिन उभे केले की ते अरुंद पाटावर बसलेल्या धिप्पाड माणसासारखे दिसते, असे मी त्याला तोंडावर सांगितले होते. तो हसला होता. आता वाटते, तोही नुसता हसला नसावा.

घरी आलो आणि त्या पोराचा प्रश्न मला झोपू देईना. मीटरगेजचा डबा साधारण साडेएकोणीस मीटर लांब. माझ्या प्रमाणात तो ८७ सेंटिमीटर व्हायला हवा. माझे डबे किती आहेत? साठ. का, तर तुळशी वृंदावनाभोवतीचे वळण घेताना पूर्ण लांबीचा डबा कट्ट्याला घासत होता आणि वृंदावन हलवायचे नाही असे घरातून बजावले होते. मी डब्यातून सत्तावीस सेंटिमीटर कापले, म्हणजे खऱ्या डब्यातले सहा मीटर उडवले, आणि दहा वर्षांत ते स्वतःशीही उच्चारले नाही. वळणाचे तर बोलायलाच नको. सव्वा मीटर त्रिज्येचे माझे वळण प्रत्यक्षात अठ्ठावीस मीटरचे झाले. अशा वळणावर मीटरगेजची गाडी घालणाऱ्या इंजिनिअरला दुसऱ्या दिवशी कामावर कोणी ठेवले नसते. आणि हा माणूस तुझ्याकडे दीड मिलिमीटर मोजत होता!

पण खरा फटका नंतर बसला. डब्याचा एखादा जुना फोटो मिळतो का म्हणून फाइल उपसली, तर तूच पाठवलेला, बेळगाव स्टेशनवर उभ्या असलेल्या मीटरगेज डब्याचा फोटो हाती आला. मागच्या बाजूला तुझ्या बारीक अक्षरात पेन्सिलीने खिडक्यांची संख्या लिहिली होती आणि खाली ‘नीट मोजल्या आहेत, तुला उपयोगी पडतील’ असे होते. माझ्या डब्याला त्याहून चार खिडक्या कमी आहेत. तू बागेत पहिल्यांदा गाडी पाहायला आलास तो दिवस आठवला. तू उकिडवा बसलास, एका डब्यावरून दुसऱ्यापर्यंत बोट फिरवत गेलास, शेवटच्या खिडकीपाशी क्षणभर थांबलास आणि म्हणालास, ‘रंग अगदी तसाच उतरला आहे रे.’ तुला तेव्हाच सगळे कळले होते. तुझ्याकडे आकडा होता, माझे व्यंग दिसत होते, आणि तू रंगाविषयी बोललास, कारण रंग खरोखरच चांगला उतरला होता.

त्यानंतर मी हिशेब उलट्या बाजूने करू लागलो. तुझ्या टेबलापाशी अर्ध्या मीटरवर उभे राहून गाडी पाहिली, तर खऱ्या गाडीपासून ऐंशी मीटरवर उभे राहिल्यासारखे होते. खोलीच्या दारातून, तीन मीटरवरून पाहिली तर जवळजवळ पाचशे मीटरवरून. माझ्या गाडीपाशी तेच अर्ध्या मीटरचे अंतर अकरा मीटर होते. अकरा मीटर म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. दुसऱ्या रेल्वे गेटपाशी आमचे घर होते आणि फाटक पडले की दांडीला लोंबकळत मी जे पाहिले ते चाक, दट्ट्या, वाफ आणि कोळसा मारणाऱ्या माणसाचा घामेजलेला दंड. आख्खी गाडी मी कधी पाहिलीच नाही; ती एवढ्या जवळून एका नजरेत मावत नाही. तू मात्र सुट्टीत गुंजीला आजोळी जायचास आणि तुझ्या मामांच्या शेताच्या बांधावरून, भाताच्या पलीकडे, झाडीच्या कडेने इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंतची गाडी सलग जाताना पाहायचास. एकदा मलाही नेले होतेस. मी तक्रार केली होती की इथून काहीच दिसत नाही.

तुझ्या माळ्यावर मी तेच पुन्हा केले. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातला ब्रॉडगेज डबा तुझ्याकडे सव्वातेरा सेंटिमीटरचा. अठरा डब्यांची गाडी अडीच मीटरांच्या आत मावते, आणि ती कॅसलरॉकच्या खाली घाटात शिरते, मागून रेटणाऱ्या दोन बँकर इंजिनांसह. ब्रागांझा घाटाचा सदतीसास एक चढ तू तसाच धरलास. चार मीटरांत अकरा सेंटिमीटर चढायचे म्हणून प्लायवूड किती वेळा उतरवून पुन्हा ठोकलेस, ते तुझ्या नातवाने सांगितले. इंजिने पुढे एका वळणावर आणि बँकर मागे दुसऱ्याच वळणावर, हे दृश्य माझ्या बागेत साकारायचे तर शेजाऱ्यांची तीन परसदारे मागावी लागतील. माझी गाडी तीन डब्यांची आहे. तिला गाडी म्हणणे हेच मुळी औदार्य आहे. शिवाय जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या पावसात ती पेटीत असते, आणि ज्या निपाणीला रेल्वेच नाही तिथे तुझी बारमाही धावते.

इंग्लंडातल्या शौकिनांची गोष्ट तू मला पूर्वी सांगितली होतीस. तिकडची इंजिने अंगाने लहान, मॉडेल चालवणाऱ्या त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांत मावेनात, म्हणून त्यांनी रूळ साडेसोळाचेच ठेवले आणि इंजिनाचे अंग तेवढे १:७६ वर नेले. पुढे त्याच मापात काहींनी रूळ १८.२ केले, काहींनी हट्टाने १८.८३, एकाच प्रमाणाचे तीन पंथ. मी तेव्हा अखेरच्या पंथाची बाजू घेतली होती. सीमाभागात वाढलेल्या माणसाला रेघ कुठे ओढायची यावर हिरिरीने बोलायची सवयच असते, असे तू त्यावर म्हणाला होतास, आणि मी त्याचाही राग धरला होता.

रुळांची ती खोट अजूनही माझ्या डोळ्यांना दिसते, हे कबूल करतो. चाळीस वर्षांची नजर एका पत्राने बदलत नाही आणि तुझे समाधान व्हावे म्हणून ती दिसत नाही असे लिहिणे तुला आवडणार नाही. मात्र त्या पोराला मी अर्धाच हिशेब शिकवला, तो पुरा करणे माझे काम आहे. त्याला माझ्या डब्याची मापे घ्यायला बसवणार आहे. व्हर्नियर त्याच्याच हातात देईन.

एक डबा मी गेल्या पंधरवड्यात नव्याने केला आहे, पूर्ण सत्त्याऐंशी सेंटिमीटरचा. तो वळणावर जात नाही, वृंदावनाला घासतो. म्हणून हौदापासून जांभळीपर्यंतच्या सरळ तुकड्यावरच पुढे-मागे करतो. दसऱ्याला पाऊस उघडलेला असेल. नातवाला घेऊन ये, शहापूरकरांनाही मी बोलावले आहे. खिडक्या मी मोजलेल्या नाहीत. तुझा तो फोटो काढून ठेवला आहे. पेन्सिल तेवढी येताना आण.

वहिनींना नमस्कार, नातवास आशीर्वाद.

तुझा,
दुसऱ्या गेटवरचा