कर पंधरा वर्षांचा, पंप पाच वर्षांचा : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली.

सादर नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करतो. पदविकावाला आहे, पण गावोगाव लोक मला डॉक्टर म्हणतात. आपला वेळ मोलाचा, म्हणून चार ओळींत आटोपायचं ठरवलं होतं. गेल्या मंगळवारी माझ्या बंद पडलेल्या मोटारसायकलबद्दल शोरूमचा फोन आला आणि ते जमेना.

शोरूमवाला म्हणाला, "या मॉडेलचा टाकीतला पेट्रोल पंप आता कंपनीकडून येत नाही." कंपनी म्हणजे नवी कंपनी. जिची मोटारसायकल मी २०२०च्या दिवाळीत घेतली, ती जुनी कंपनी मधल्या काळात आपल्याच प्रतिस्पर्ध्याच्या पोटात गेली. नाव घेत नाही, कंपनीचे वकील माझ्या गाडीपेक्षा जास्त फिरतात. विलीनीकरण झालं त्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला होता की आपल्या सेवेत तसूभरही फरक पडणार नाही. तो मी अजून जपून ठेवलाय. फरक तसूभर नाहीच पडला. साताऱ्यातलं जुन्या कंपनीचं शोरूमच उठलं, तिथे आता बॅटरीच्या स्कूटर विकतात.

वडूजच्या मिस्त्रीनं टाकीला कान लावून मला किल्ली फिरवायला सांगितली. पंप चांगला असला की दोन सेकंद बारीक घरघर ऐकू येते. काहीच आलं नाही. दुसऱ्या कंपनीचा पंप बसवून पाहिला तर जोडणीचा कपलर जुळेना. एसटीनं पुण्याला गेलो, नाना पेठेत सहा दुकानं हिंडलो. सहाव्यानं गाडीचं नाव ऐकून मला चहा पाजला.

साहेब, माझ्या धंद्याची वेळ घड्याळावर नसते, ती गाईवर असते. गाय सकाळी माजावर दिसली की संध्याकाळपर्यंत रेतन करून भरवावी लागते. चुकलं की पुढचे एकवीस दिवस थांबा. वीर्याच्या कांड्या गार ठेवायचा नायट्रोजनचा कॅन घेऊन वडापच्या जीपमध्ये चढायला गेलो तर ड्रायव्हर म्हणाला, "गॅसचा डबा खाली ठेवा, नाहीतर तुम्ही पण खाली." मायणीकडच्या एका मावशीकडे दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. माज ओसरला होता. मावशी रागावली नाही, तिनं पाणी दिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या एकाच गाईवर घर चालतं, एकवीस दिवसांच्या दुधाचा गुणाकार आपल्या खात्यातल्या एखाद्या सचिवाला करायला सांगा. दीड महिन्यात माझ्या निम्म्याहून जास्त गाई दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या. बायको म्हणते, गाडी भंगारात दे. भंगारवाल्यानं विचारलं, "याचे पार्ट कोण घेणार?"

आता तुमचा कायदा. मोठं विलीनीकरण व्हायचं तर स्पर्धा आयोगाची परवानगी लागते आणि आयोगाला जास्तीत जास्त दीडशे दिवस मिळतात. बाजारात मक्तेदारी होईल का, भाव चढतील का, हे तपासतात. म्हणजे उद्या गाडी घेणाऱ्याची काळजी आहे. काल ज्यानं घेतली तो कुठल्या कागदावर आहे? बरं, विकल्या जाणाऱ्या कंपनीची भारतातली मालमत्ता ४५० कोटींच्या किंवा उलाढाल १२५० कोटींच्या आत असली तर बहुतेक वेळा ही विचारपूसही नाही. आमच्यासारखे अडकतात ते नेमके छोट्या कंपनीचे.

ऑस्ट्रियाची केटीएम २०२४च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीत गेली. आपल्या पुण्याच्या बजाजनं ८० कोटी युरो ओतून ती हातात घेतली. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण तिथंही धनकोंना त्यांच्या येण्यातले तीस टक्के मिळतील हे कोर्टानं बघितलं. गिऱ्हाइकाला टक्का देणारं कोर्ट मला अजून सापडायचंय.

हिरो आणि होंडा २०१०च्या डिसेंबरात वेगळे झाले तेव्हा स्प्लेंडरवाल्याचं काही अडलं नाही. टाकीवरचं नाव बदललं, पिस्टन मिळत राहिला. त्यात कायद्याची काही कर्तबगारी नव्हती. रस्त्यावर गाड्याच इतक्या होत्या की पार्ट विकणं परवडत होतं. आज दहातल्या आठ दुचाक्या चार कंपन्यांच्या असाव्यात, हा माझा पार्किंगमध्ये उभं राहून केलेला हिशेब. उरलेल्या दोघांनी देवाला नवस बोलावा काय?

आरटीओनं माझ्याकडून रस्ता कर पंधरा वर्षांचा एकदम घेतला. थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा सक्तीनं घ्यायला लावला. मग सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे विचारायची सक्ती कुणावरच का नाही? २०२२ साली तुमच्याच खात्यानं दुरुस्तीच्या हक्काची घोषणा केली, त्यात वाहनंही होती. पोर्टल झालं, फोटो झाले. माझी टाकी अजून मुकीच आहे.

तुम्ही म्हणाल, स्पर्धा आयोग आमच्याकडे नाही, तो कंपनी व्यवहार खात्याकडे. ते म्हणतील, मोटारसायकल अवजड उद्योग खात्याची. ते म्हणतील, नोंदणी परिवहनची. दोन कंपन्या एका रात्रीत एक होतात, चार खाती एका टेबलावर बसायला किती पंचवार्षिक लागतात? कर मात्र चौघांना मिळून एकाच खिशातून लागतो.

मागणं एवढंच. कुणी कुणाची कंपनी घेतली तर जुन्या गाड्यांचे सुटे भाग नोंदणीच्या मुदतीपर्यंत पुरवायची लेखी अट घाला. ज्याला ते झेपत नाही, त्यानं पंपाचं ड्रॉइंग तरी खुलं करावं. राजकोटला किंवा भोसरीला कुणीही तो करून देईल. आणि माझा उरलेल्या दहा वर्षांचा कर परत द्या. हे रागानं लिहिलंय, पण खोडत नाही.

थांबतो. पुसेसावळीहून फोन आलाय, गाय सकाळपासून हंबरतेय. साडेचारचं वडाप गाठायचंय आणि आजचा ड्रायव्हर कॅन घेतो का नाही, माहीत नाही.

आपला,
वडूजचा एक रेतनवाला